बाराच्या आत

बेळगाव,
रविवार, २० जुलै २०२५

प्रिय यशपाल,
सप्रेम जय भीम.

हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातलं कुणीतरी वाचेल. त्यांनाही जय भीम.

मे महिन्यात मी तुला लिहिलं होतं की आक्का डोळे तपासायला माझ्याकडे आली आहे. तिचे डोळे चांगले आहेत. जिभेच्या मुळाशी गाठ आहे, आणि तिची दोन पिल्लं मानेत उजव्या बाजूला. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत तिचं निम्मं आयुष्य गेलं आणि मिशरी काही तिनं सोडली नाही. कॅन्सर आहे. बरा होण्यासारखा आहे, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणतात, आणि त्या उगीच काही बोलणाऱ्यातल्या नाहीत.

उपचार किरणांचे, आणि माझ्याच दवाखान्यात आहेत. मी म्हटलं, कोल्हापूरला नेतो. तर म्हणाली, "तुझ्या दवाखान्यात काय वाईट हाय? का तुझं तुलाच खरं वाटत न्हाय?"

परवा तिचा मास्क केला. प्लास्टिकचं जाळीदार पान असतं. गरम पाण्यात टाकलं की ओल्या पापडासारखं मऊ पडतं. ते चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ओढून खालच्या फळीला अडकवतात. थंड झालं की चेहऱ्याच्या आकारात कडक होतं. रोज तोच मास्क चढवून, फळीला जखडून, डोकं त्याच जागी ठेवायचं. जरा हललं तरी चालत नाही, कारण आमचं सगळं गणित त्या एका जागेवर मांडलेलं असतं.

भीती वाटली तर हात वर कर, असं तिला सांगून ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत मी कॅमेऱ्यातून बघत होतो. पायाच्या बोटांनी तिनं चादर धरून ठेवली होती. हात काही तिनं वर केला नाही. सोडवलं तेव्हा कपाळावर आणि गालांवर जाळीचे वळ उठले होते. घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "असंच बांधत्यात व्हय रं त्याला?"

त्याला म्हणजे कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. मी म्हणालो, "नाही आक्का. तिथं हिंडता-फिरता येतं."

"मग बरं," म्हणाली.

तीन वर्षांत माझ्यापाशी तिच्या तोंडून तुझ्याविषयी निघालेले हे पहिले शब्द. म्हणून तुला लिहितोय.

आजवर मी कुठल्याच पत्रात विक्रमचं नाव लिहिलं नाही. आज लिहितो. तिचा एकुलता एक, आपला भाचा विक्रम तुझ्या टेम्पोत तुझ्या शेजारी बसून निघाला आणि तवंदी घाटातून परत आला नाही. कोर्टात विचारलं तेव्हा, तू पिऊन होतास, हे तिनं सांगितलं. दारू न पिण्याचं पाचवं शील तू मोडलंस, खोटं न बोलण्याचं चौथं तिनं पाळलं. मी कुणाशेजारी उभं राहायचं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि अजून कळलेलं नाही.

ती दोनदा तुझ्या भेटीला येऊन गेली, तू बाहेर आला नाहीस. मी आलो, तरी आला नाहीस. रागानं की लाजेनं, तुझं तुला ठाऊक. पत्र मात्र वाचतोस ना? वाचत असलास तर दोन ओळी लिही.

तुझा,
अण्णा

*

बेळगाव,
रविवार, २७ जुलै

प्रिय यशपाल,

तुझं कार्ड मिळालं. "आक्काला सांगू नको मी विचारलं म्हणून. कशी आहे?" एवढंच. ठीक आहे, नाही सांगत.

उद्या उपचार सुरू होतील. आज सुट्टी, म्हणून सविस्तर लिहितो. लोकांनी विचारलं की तू नेहमी सांगायचास, "आमचा अण्णा दवाखान्यात गणितं करतो." ते गणित काय असतं ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही.

यंत्र माणसाभोवती फिरतं आणि सगळ्या बाजूंनी किरण सोडतं. किरणांच्या वाटेत धातूच्या बारीक पट्ट्या सरकतात, त्यामुळे एका झोताचे शेकडो बारके झोत होतात. कुठल्या झोताला किती जोर द्यायचा, हे माणसाला बसून ठरवता येत नाही. ते संगणक शोधतो. पण काय शोधायचं, ते आम्हाला सांगावं लागतं. गाठीला पुरेपूर मिळालं पाहिजे. मणक्यातल्या मज्जारज्जूला अमुकपेक्षा जास्त लागता कामा नये, नाहीतर हातपाय जातील. गालांच्या मागे, कानाखाली, दोन लाळग्रंथी असतात. त्या जळाल्या तर तोंड जन्मभर कोरडं पडतं. त्यांना जमेल तेवढं वाचव.

यातल्या काही अटी मोडायच्याच नसतात. बाकीच्या मोडता येतात, पण त्याचा दंड धरावा लागतो. आमच्या गणितात त्याला दंडच म्हणतात. कुठल्या अटीला किती दंड, तो आकडा माणूस भरतो. मग संगणक हजारो वेळा झोत कमी-जास्त करून बघतो आणि सगळा मिळून दंड कमीत कमी होईल अशी मांडणी काढून देतो. त्याला दया नाही, आणि वैरही नाही. आपण जे महत्त्वाचं म्हणून सांगितलं, तेच त्याला महत्त्वाचं.

घरच्या माणसाचा प्लॅन आपण करायचा नसतो. म्हणून तो माझी सहकारी दिपाली करते. शहापूरची मुलगी आहे, तिच्या घरी अजून माग चालतात. मी फक्त तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो. फक्त, असं म्हणतोय खरं. गुरुवारी ती चहाला गेली तेव्हा मी डाव्या ग्रंथीचा दंड वाढवला. परत आल्यावर थोडा आणखी वाढवायला सांगितला. उजवी ग्रंथी गाठींना चिकटूनच आहे, तिची आशा नव्हती. पण डावी तरी राहावी. आक्काला भाकरी कशी लागते, तुला ठाऊक आहे. कडक, कोरडी, कांद्याबरोबर. भात तिला आजाऱ्याचं जेवण वाटतं.

गणितानं मी सांगितलं तसं केलं. डावी ग्रंथी छान वाचली, आणि मानेतल्या एका पिल्लाच्या कडेला डोस कमी पडला. पडद्यावर तिथं एक फिकट डाग दिसत होता.

दिपाली म्हणाली, "सर, प्लॅन करताय का राखीपौर्णिमा?"

मी म्हणालो, "आमच्यात राखी नसते."

"ते दिसतंयच की. ओवाळणी म्हणून गाठ ठेवताय शिल्लक."

तिनं माझे आकडे पुसले. पुढचे दोन दिवस तिनं एकामागून एक प्लॅन काढले. एका टप्प्यापर्यंत सगळंच सुधारत जातं. गाठही चांगली झाकली जाते, ग्रंथीही वाचते. मग एक काठ येतो. त्या काठावर एकाचं जराही भलं करायचं म्हटलं की दुसऱ्याचं वाईट केल्याशिवाय होत नाही. तिथून पुढे गणित काही सांगत नाही. काठावर कुठं उभं राहायचं, ते माणसानं ठरवायचं. डॉक्टरबाईंनी ठरवलं: गाठ पुरती झाकायची, डावी ग्रंथी जेमतेम वाचवायची, उजवी सोडायची.

माझ्या खोलीला खिडकी नाही. भिंती चार-पाच हात जाड, किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून. त्या प्लॅनवर डॉक्टरबाईंनी सही केली तेव्हा तुझी आठवण आली. तुझ्या खोलीला खिडकी आहे का?

तुझा,
अण्णा

*

बेळगाव,
रविवार, १० ऑगस्ट

प्रिय यशपाल,

आक्का बरी आहे. रोज सकाळी माझ्याबरोबर स्कूटरवर येते, मास्क चढवून घेते आणि बाहेर आली की तंत्रज्ञ मुलांची चौकशी करते. एकाचं लग्न जमत नाही म्हणून तिनं त्याला संकेश्वरची एक मुलगी सुचवली आहे. आत असताना काय करतेस, विचारलं तर म्हणते, "वंदना म्हणते. तोंड हलवू देत न्हाईत, म्हणून मनातल्या मनात. तिसऱ्यांदा 'बुद्धं सरणं' म्हणूस्तोवर तुझं यंत्र थांबतंय. लई नेमकं केलंयस बघ."

घसा सोलवटला आहे. रात्रीचं जेवण घेत नाही, दुखतं म्हणते. सकाळी मऊ भात आणि अंड्याचं पातळ कालवण खाते. या उपचारात सगळ्यांचंच असं होतं, काळजी करू नकोस.

तुझं दुसरं कार्ड आलं. कार्यशाळेत खुर्च्या करता, हे वाचून बरं वाटलं.

तुझा,
अण्णा

*

बेळगाव,
बुधवार, २० ऑगस्ट

यशपाल,

मागच्या पत्रात 'काळजी करू नकोस' लिहिलं. ते मला स्वतःलाच लिहायचं होतं बहुतेक.

सोमवारी मास्क चढवल्यावर तंत्रज्ञ मुलानं मला आत बोलावलं. म्हणाला, "सर, बघा." आक्कानं जाळीच्या आत मान हलवून दाखवली. इकडून तिकडे. घट्ट बसलेला मास्क आता सैल झाला होता. गाल आत गेले होते. रोज तिला मागे बसवून आणतो, पण मी बघत होतो पडद्याकडे. माणूस वाळतं आहे, ते मला प्लास्टिकनं सांगितलं.

उपचार थांबवून पुन्हा स्कॅन केला. दिपालीनं जुना प्लॅन नव्या शरीरावर ठेवून बघितला. माणूस वाळलं की लाळग्रंथीही आक्रसते आणि आत सरकते. जी डावी ग्रंथी आम्ही काठावर उभं राहून वाचवली होती, ती आपल्या पायांनी चालत किरणांत गेल्यासारखी दिसत होती. मज्जारज्जूही हद्दीला टेकला होता. प्लॅन तोच, आकडे तेच, पण तो ज्या आक्कासाठी केला होता ती आक्का आता नव्हती.

डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "तानीबाई, नवा प्लॅन करू. पण तुम्ही अशाच वाळत राहिलात तर तोही पंधरा दिवसांत चुकेल. घशातून उतरत नसेल तर नाकातून नळी घालू. पातळ अन्न पोटात सोडू. दुखणार नाही."

आक्का लगेच कबूल झाली. म्हणाली, "घाला की. पर बाई, जे काय सोडायचं ते बाराच्या आत सोडा."

डॉक्टरबाईंना कळलं नाही. मला कळलं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तेव्हापासून तिनं अष्टशील घेतलं आहे. तीन महिने रोज. त्या आठांतलं एक म्हणजे दुपारी बारानंतर अन्न नाही. आम्हाला वाटत होतं, दुखतं म्हणून खात नाही. दुखतही होतंच, त्यामुळे खोटंही बोलली नाही. चौथं शील तिनं याही वेळी सांभाळलं, कसं ते बघ.

घरी आल्यावर मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आक्कावर ओरडलो. ती भांडी पुसत होती. लहानपणीच्याच नावानं मला म्हणाली, "रत्ना, तू तुझं गणित कर. ह्यात पडू नगंस."

गावच्या भंतेजींना फोन लावून दिला. ते तिला म्हणाले, "आजाऱ्यानं अष्टशील धरायचं नसतं. तुम्हाला अन्न हेच औषध आहे." ती म्हणाली, "तुमचं बरोबर हाय भंतेजी. पर मी कबूल केलंया." कुणाला कबूल केलंस, असं त्यांनी विचारलं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "विक्रम जेवायला येणार हुता त्या संध्याकाळी. ताट वाढून ठेवलं हुतं. तवापासनं संध्याकाळचा घास जात न्हाय मला. म्हटलं, जातच न्हाय तर शीलात तरी धरावा. त्याचं पुण्य दोघांत वाटायचं. एक गेलाय, एक हाय."

हे मी दारातून ऐकलं. ती माझ्याकडे पाठ करून होती.

नवा प्लॅन होत आला आहे. गाठ वाट बघत नाही, त्यामुळे उपचार फार दिवस थांबवता येत नाहीत. उपाशी माणसावर प्लॅन करायचा तर तो कुठल्या दिवसाच्या शरीराला बसवायचा? डॉक्टरबाईंचं ती ऐकत नाही, भंतेजींचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. ज्याला पुण्य द्यायचं त्यानंच नको म्हटलं तर कदाचित ऐकेल. विक्रम म्हणू शकत नाही.

पुढच्या बुधवारच्या भेटीसाठी अर्ज दिला आहे. तिचं आणि माझं नाव आहे. ती येईल. मी फक्त 'हिंडलग्याला जायचं' म्हणालो, तर तिनं कुठलं लुगडं नेसायचं ते काढून ठेवलं.

यशपाल, या वेळी बाहेर ये. तू आला नाहीस तर तिला परत आणताना मी काय बोलू, हे मला सुचत नाही. एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. तुम्हा दोघांच्या मधे उभा राहून मी थकलो आहे.

अण्णा

*

बेळगाव,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय यशपाल,
सप्रेम जय भीम.

तू आलास.

तुझ्यासमोर जे झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण मला ते एकदा कागदावर बघायचं आहे.

जाळीच्या पलीकडे तू खाली मान घालून उभा होतास. आक्का लुगड्याचा काठ सारखा करत होती. शेजारी एक कुटुंब कानडीत मोठमोठ्यानं कोंबड्यांच्या वाटणीवरून भांडत होतं. वेळ संपत आली असं मला वाटायला लागलं. मग तू मान वर केलीस आणि तिच्या कपाळावरचे सकाळच्या मास्कचे वळ बघून म्हणालास, "आक्का, तोंडाला हे काय गं?"

"जाळी. ह्या तुझ्या अण्णानं घातलीया. तू त्या बाजूला जाळीत, मी ह्या बाजूला. मधे हा शाणा."

तू हसलास आणि मग तुला रडू आलं. म्हणालास, "माझ्या नावानं उपाशी राहू नगंस, आक्का. माझं मला भोगू दे."

"तुझं तूच भोगतोयस की. मी कुठं घेतलंय? मी नुसती सोबतीला बसले हुते."

त्यावर तू जे म्हणालास ते मला सुचलं नव्हतं, भंतेजींनाही नाही. "मग माझ्या सोबतीला जेव. हितं आम्हांस्नी दिवस मावळायच्या आत वाढत्यात. मी ताटावर बसतो तवा तू बी बस. तू न्हाईस बसलीस तर मलाबी घास न्हाय जायचा."

ती जाळीजवळ सरकली. मग म्हणाली, "आमटीत मीठ असतंय का रं?"

पुढचं तुला माहीत नाही, ते सांगतो. घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावली आणि शील उतरवलं. म्हणजे काय केलं ते मला दिसलं नाही, नुसतं कुजबुजलेलं ऐकू आलं. मग ऊन कलेपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली. कलल्यावर म्हणाली, "वाढतील आता." मऊ भात आणि दूध घेतलं. घोटागणिक डोळ्यांतून पाणी येत होतं, घशामुळे आणि कशामुळे ते वेगळं काढता येणार नाही. अर्धी वाटी व्हायला अंधार पडला. सोमवारी तिनं स्वतःच नळीही घालून घेतली आणि कुठल्याही वेळेची अट घातली नाही.

नवा मास्क घट्ट बसला आहे. गेले पंधरा दिवस वजन जागेवर आहे. दिपाली काट्यावरचा आकडा बघून रोज मला बाहेरच्या काचेतून अंगठा दाखवते. उपचार या आठवड्यात संपतील. गाठ विरघळते आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पक्कं नंतरच्या स्कॅनमध्ये कळेल.

एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही, तुला सांगतो. नव्या प्लॅनमध्ये डावी ग्रंथी पुरती वाचवता आली नाही. आम्ही पुन्हा काठावर आलो तेव्हा तो काठ मागे सरकलेला होता. या वेळी मी खुर्ची लांब ठेवून बसलो होतो. दिपालीनं मागे वळून विचारलं, "सर, काय म्हणता?" मी म्हणालो, "गाठ झाक. मज्जारज्जू राख." डाव्या ग्रंथीचं मी नाव घेतलं नाही. तिनंही घेतलं नाही. आक्काला आता प्रत्येक घासाबरोबर पाणी लागेल. कोरडी भाकरी बहुतेक गेली.

सांगितलं नाही, म्हणालो खरं, पण तिला कळलं असावं. काल तिनं मला बाजारातून पाण्याची बाटली आणायला लावली. गळ्यात अडकवायचा पट्टा असलेली, शाळेच्या मुलांची असते तशी. निळी मिळाली, तिला हिरवी हवी होती. पट्टा तिनं शिवून आखूड करून घेतला आहे.

यशपाल, तिला तिथं बोलताना तोंड कोरडं पडेल. पुढच्या भेटीला ती बाटली आत नेऊ देतात का, तेवढं तिथल्या साहेबांना विचारून कार्डावर कळव.

तुझा,
अण्णा